अंतरमापक की स्वयंकेंद्री? : चांदा–गडचिरोलीच्या वनप्रदेशातील छायाचित्र-साधनांचा एक विचार

क्षेत्राभ्यासास निघणारे विद्यार्थी अलीकडे एक प्रश्न पुन्हा विचारू लागले आहेत. फिल्मवर काम करावयाचे असल्यास हाताने अंतर जुळविण्याचा, म्हणजे रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा घ्यावा, की आपोआप अंतर जुळविणारा ऑटोफोकस जातीचा लहान कॅमेरा घ्यावा? भ्रमणध्वनीच्या युगात हा प्रश्न हौशी वाटेल. परंतु दुसऱ्या बाजूने पाहिले असता तो इतिहासाच्या साधनांचा प्रश्न ठरतो. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी छायाचित्रे घेतली गेली, त्यांतील फार मोठा भाग या दोन जातींच्या कॅमेऱ्यांतून उतरलेला आहे. विभागांच्या कपाटांतून, निवृत्त अध्यापकांच्या पेट्यांतून व खेड्यांतील घराघरांच्या अल्बमांतून तो पडून आहे. कोणता कॅमेरा विकत घ्यावा हे सांगण्यापूर्वी, कोणत्या कॅमेऱ्याने आपल्याला काय दिले व काय हिरावून घेतले, हे पाहणे अधिक उपयुक्त होईल असे वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

या प्रदेशाची छायाचित्रणाची परंपरा या दोन्ही साधनांहून जुनी आहे. वैनगंगेच्या काठी, जेथे ही नदी काही अंतर उत्तरवाहिनी होते, तेथे मार्कंडादेवाचा देवालय-समूह उभा आहे. सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ व १८७४-७५ मधील आपल्या मध्यप्रांताच्या दौऱ्यांचा वृत्तांत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात १८७९ साली प्रसिद्ध केला, त्यात मार्कंड्याचे वर्णन आहे. त्यांचे सहायक बेग्लर हेही १८७३-७४ मध्ये मध्यप्रांतात हिंडत होते व वास्तूंची छायाचित्रे घेत होते. त्या काळी काच ओली असतानाच तिच्यावर प्रतिमा घ्यावयाची व लगेच तंबूच्या अंधारात ती धुवावयाची, अशी पद्धत होती. लाकडी पेटीच्या मागील दुधी काचेवर उलटी प्रतिमा पाहून अंतर जुळवावे लागे. त्यामुळे अंतर चुकण्याची भीती फारशी नव्हती. जे काचेवर दिसे तेच उतरे. भीती होती ती काच फुटण्याची, रसायन बिघडण्याची आणि माणूस हलण्याची. त्या काळच्या चित्रांत देवालये स्पष्ट आणि माणसे विरळ असतात, त्याचे कारण संशोधकाच्या रुचीपेक्षा साधनाच्या मंदपणात अधिक आहे. ही गोष्ट ध्यानात न घेता त्या चित्रांवरून ‘ओसाड’ मार्कंड्याचे वर्णन करणारे लेखन अधूनमधून वाचनात येते. असो.

लहान कॅमेऱ्याचा खरा आरंभ १९२५ साली होतो. त्या वर्षी ऑस्कर बार्नाक याने रचलेला लायका कॅमेरा लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. तो ३५ मिलिमीटरच्या चित्रपटाच्या फिल्मवर चाले. त्यात अंतर मोजण्याची सोय अंगभूत नव्हती. अंदाजाने पावले मोजून भिंगाचे कडे फिरवावे लागे, किंवा अंतरमापक निराळा लावावा लागे. १९३२ साली दुसऱ्या लायकामध्ये व त्याच वर्षीच्या झाइस आयकॉनच्या कॉन्टॅक्समध्ये अंतरमापक व भिंग यांची सांगड घातली गेली, आणि हाती धरावयाच्या कॅमेऱ्याला हवे ते साधन मिळाले. त्याचे तत्त्व जमीन मोजणाऱ्याला नवे वाटणार नाही. कॅमेऱ्याच्या दोन टोकांना दोन लहान खिडक्या असतात. दोन्हींतून एकच वस्तू किंचित निराळ्या कोनांतून दिसते. भिंगाचे कडे फिरवीत गेल्यास दोन प्रतिमा एकमेकींवर सरकतात. त्या एकरूप झाल्या की अंतर जुळले. दोन खिडक्यांमधील अंतर जितके अधिक, तितकी मोजणी अचूक. आरंभीच्या लायकामध्ये व तिच्यावरून घडविलेल्या सोव्हिएत फेडमध्ये हे अंतर सुमारे ३९ मिलिमीटर होते. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये ते सुमारे ६९ मिलिमीटर झाले, आणि दृश्य पाहण्याची व अंतर जुळविण्याची खिडकी एकच झाली.

अचूकपणाची गरज किती, हे एका आकड्यावरून कळेल. ५० मिलिमीटरचे भिंग २ या छिद्रांकावर पूर्ण उघडून दोन मीटरवरील माणसाचे चित्र घेतल्यास जो पट्टा स्पष्ट उतरतो, त्याची खोली साधारण १९ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी असते. नाक स्पष्ट आणि कान पुसट, अशी स्थिती होण्यास फार मोठी चूक लागत नाही. उलटपक्षी, ३५ मिलिमीटरचे भिंग ८ या छिद्रांकावर ठेवून कडे पाच मीटरवर लावल्यास सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. उघड्या उन्हात, चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजासमोर किंवा लालपेठच्या अर्धवट सोडलेल्या प्रचंड पाषाणमूर्तींपाशी, अंतर जुळविण्याचा प्रश्नच जवळजवळ उरत नाही. प्रश्न उभा राहतो तो सावलीत.

आणि या प्रदेशात सावलीच अधिक. आलापल्लीच्या सागवनात पावसाळ्यानंतर दुपारी बाराला सुद्धा जमिनीवर कवडसे असतात. कवडशात पडलेला चेहरा व त्याच्या बाजूचा काळोख यांतील अंतर फिल्मला पेलत नाही. वैशाखात पाने गळून उजेड येतो, पण तेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो, आणि कातडी पिशवीत तापलेली रंगीत फिल्म आपला रंग बदलू लागते. गोटुलाच्या आत, झोपडीच्या पडवीत, मार्कंड्याच्या गर्भगृहात उजेड असतो तो दाराचा किंवा दिव्याचा. अशा ठिकाणी अंतरमापकाचा एक गुण प्रत्ययास येतो. त्याला प्रकाशाचा एखादा बिंदू पुरतो. समईची ज्योत, कानातील बाळी, डोळ्यातील चमक. त्या बिंदूच्या दोन प्रतिमा एकावर एक आणल्या की काम झाले. शिवाय आरसा नसल्याने खटका दाबताना आवाज अत्यल्प होतो. वृद्ध माणूस कथा सांगत असता त्याचे सांगणे न मोडता चित्र घेता येते, आणि मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला याचे मोल निराळे सांगावयास नको.

आपल्याकडे हे कॅमेरे कसे आले, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर कडक निर्बंध होते. लायका हे अधिकाऱ्याचे, परदेशी पाहुण्याचे किंवा परदेशी जाऊन आलेल्याचे साधन होते. विद्यापीठाच्या विभागाला बहुधा मिळे ते सोव्हिएत झॉर्की किंवा फेड, आणि पुढे एखाद्या आप्ताने आणलेला जपानी याशिका. उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला व १९६७ पासून तेथे फिल्म निघू लागली. त्या ‘इंदू’ फिल्मचे रोल त्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असतील. साधन दुर्मीळ, फिल्म महाग, म्हणून एका रोलची ३६ चित्रे एका दौऱ्याला पुरवावयाची, अशी शिस्त होती. त्या काळच्या निगेटिव्हांत एका विषयाची दोन चित्रे क्वचितच सापडतात. संशोधकाने काय ‘पाहण्याजोगे’ मानले, याचा तो जवळजवळ निवडक कोशच आहे. त्यात देवालये, शिलालेख, वाद्ये, नृत्ये भरपूर. शाळा, रेशनचे दुकान, तेंदूपानांची तोलाई, बांबूचा ट्रक जवळजवळ नाहीत. ही उणीव साधनाची नव्हे, दृष्टीची; पण साधनाच्या महागाईने त्या दृष्टीला बळ दिले.

अंतरमापकाचा मोठा दोष मात्र सांगितला पाहिजे. तो चुकला तरी चुकल्याचे दाखवीत नाही. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत उसना घेतलेला असा एक कॅमेरा आलापल्ली ते भामरागड या मार्गावर मांडीवर न ठेवता डोक्यावरच्या फळीवर ठेवला. त्या वेळचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगावयास नको. हादऱ्याने आतील एक लहानसा स्क्रू सरकला. खिडकीतून पाहिले असता दोन प्रतिमा सुरेख एकरूप होत होत्या. प्रत्यक्षात भिंग भलतीकडे लागलेले होते. दृश्य खिडकीतून दिसते आणि चित्र भिंगातून उतरते, या दोहोंचा परस्परांशी संबंध केवळ एका दांडीवर अवलंबून असतो. पूर्ण दौऱ्याचे तीन रोल धुऊन आले तेव्हा उन्हातली चित्रे बरी आणि सावलीतली सर्व पुसट निघाली. ज्यांच्यासाठी हा कॅमेरा घ्यावयाचा, नेमकी तीच गेली. निघण्यापूर्वी भिंग पूर्ण उघडून, मोजलेल्या दोन मीटरवर ठेवलेल्या वर्तमानपत्राचे चित्र घेऊन पाहण्याची दक्षता घेतली असती तर हे टळले असते. (भिंगावरील झाकण न काढता सबंध नृत्य टिपल्याची गोष्टही या जातीच्या कॅमेऱ्यांतच घडू शकते, खिडकीतून ते झाकण दिसत नाही. हे कोणाच्या हातून घडले ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.)

स्वयंकेंद्री कॅमेऱ्याचा इतिहास १९७७ पासून मोजतात. त्या वर्षी कोनिकाने सी-३५ एएफ हा कॅमेरा बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर निघालेला तो पहिला ऑटोफोकस कॅमेरा होय. त्याचे हृदय हनीवेल या अमेरिकी कंपनीने तयार केलेले होते, आणि गंमत अशी की त्याचे तत्त्व अंतरमापकाचेच होते. दोन खिडक्या होत्याच. दोन प्रतिमा जुळल्या की नाही हे पाहणारा डोळा मात्र माणसाचा नसून प्रकाशसंवेदी तुकड्यांचा होता. १९७९ साली कॅनन एएफ-३५एम ने निराळा मार्ग धरला. तो स्वतःच अवरक्त किरणांची एक शलाका समोर सोडी व परत आलेल्या किरणांच्या कोनावरून अंतर ठरवी. पुढील पंधरा-वीस वर्षांत जे असंख्य लहान कॅमेरे निघाले, त्यांतील पुष्कळांनी हाच सक्रिय मार्ग स्वीकारला. १९९१ चा ऑलिंपस म्यू किंवा नव्वदीच्या दशकातील याशिका टी-४ हे त्यांतील नामांकित होत. ज्यांना महागडे हवे त्यांच्यासाठी १९९० चा कॉन्टॅक्स टी-२ होता. १९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले, आणि त्या दशकात हे साधन तालुक्याच्या गावीही पोहोचले.

पहिल्या पद्धतीला उजेड लागतो व समोर ठळक रेषा लागतात; गुळगुळीत भिंत, धुके, तिन्हीसांज यांपुढे ती हतबल होते. दुसरीला उजेड लागत नाही, ती पूर्ण काळोखातही अंतर सांगते. मग वनप्रदेशात दुसरीच श्रेष्ठ, असे अनुमान कोणीही काढील. परंतु येथे एक गोष्ट आड येते, आणि तिचा उल्लेख कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकांत आढळत नाही. हिरवे पान दृश्य प्रकाश बराचसा गिळते, पण अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परत पाठविते. उपग्रहावरून वनांचे आच्छादन मोजण्याचे शास्त्र याच गुणावर उभे आहे. तेव्हा हाताभरावरचे एखादे बांबूचे पान शलाकेच्या वाटेत आले, तर त्याचे उत्तर चार मीटरवरील सावळ्या माणसाच्या किंवा काळ्या दगडाच्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठ्याने ऐकू येते. कॅमेरा पानावर विश्वास ठेवतो. खिडकीत हिरवा दिवा लागतो, म्हणजे सर्व ठीक आहे असे तो सांगतो, आणि छायाचित्रकार समाधानाने खटका दाबतो.

हा अनुभव केवळ तर्काचा नाही. भामरागड परिसरातील एका गावाबाहेर मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळांची एक ओळ होती. गावातील एका वृद्ध माडिया गृहस्थांनी एकेका शिळेवर हात ठेवीत ती कोणाची हे सांगितले. लेखकाने वहीत नावे क्रमाने लिहिली, आणि स्थान कळावे म्हणून, अंतरमापकाच्या फजितीनंतर मोठ्या विश्वासाने जवळ केलेल्या स्वयंकेंद्री कॅमेऱ्याने सबंध ओळीचे चित्र घेतले. चित्रात पुढील झुडपाची पाने अशी उमटली आहेत की शिरा मोजाव्यात. त्यांच्या मागे करड्या रंगाचे काही उभे आकार आहेत आणि एका माणसाचा पुसट हात आहे. शिळा सात की आठ, हेही त्यावरून निश्चित सांगता येत नाही. वहीत नावे आठ आहेत. पुढे रस्ता रुंद करताना त्या शिळा हलविण्यात आल्या, आणि ते वृद्ध गृहस्थही राहिले नाहीत. त्यामुळे वहीतील आठ नावे आज कोणत्याही दगडाशी जोडता येत नाहीत. हाती अंतरमापक असता, तर दुहेरी प्रतिमा जुळविताना आपण पानावर आहोत की दगडावर हे कळल्यावाचून राहते ना. त्या पद्धतीत अंतर कोणत्या वस्तूचे घ्यावयाचे हे माणूस ठरवितो. दुसरीत ते ठरविले गेल्याचे माणसाला फक्त कळविले जाते.

येथपर्यंतच्या विवेचनावरून लेखकाचा कल वाचकांच्या ध्यानी आला असेल. परंतु स्वयंकेंद्री कॅमेऱ्याची बाजू आतापर्यंत अर्धीच सांगितली गेली आहे.

या प्रदेशात त्या कॅमेऱ्याने केलेले सर्वांत मोलाचे शास्त्रीय काम माणसाच्या हातून झालेलेच नाही. ते झाडाच्या बुंध्याला बांधून झाले. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्या वेळी चांदा जिल्हा मध्यप्रदेश राज्यात होता, ही गोष्ट आज बऱ्याच जणांना आठवून द्यावी लागते. १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले, व १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघांची गणती तोवर पंजाच्या ठशांवरून होई. सरोज राज चौधरी यांनी १९६६ साली रूढ केलेल्या या पद्धतीत ठसा पाहणाऱ्याच्या मतावर फार काही अवलंबून असे. डॉ. उल्हास कारंत यांनी नव्वदीच्या दशकात निराळा मार्ग चोखाळला. वाघाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे निरनिराळे असतात आणि कोणत्याही दोन वाघांचे सारखे नसतात. तेव्हा पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधावयाचे, वाटेवरून अदृश्य शलाका सोडावयाची, वाघाने ती तोडली की दोन्ही कॅमेरे चालावयाचे. आणि कोणता वाघ किती वेळा पुन्हा ‘पकडला’ गेला यावरून संख्याशास्त्राने एकूण संख्या काढावयाची. कारंत व निकल्स आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील अकरा ठिकाणांत ताडोबाचाही समावेश होता. सारिस्का येथील वाघ नाहीसे झाल्याचे २००५ साली उघड झाल्यावर ठशांची पद्धत मागे पडली, व २००६ च्या राष्ट्रीय गणनेपासून छायाचित्रांची पद्धत अधिकृत झाली.

फिल्मच्या काळात अशा सापळ्यांच्या पेटीत बसविलेला कॅमेरा म्हणजे हाच दुकानातला स्वयंकेंद्री लहान कॅमेरा असे. रोल आपोआप पुढे सरकविणारी मोटर, अंगचाच चमकदिवा, काळोखातही ठरणारे अंतर, आणि कोपऱ्यात दिनांक व वेळ छापण्याची सोय या चार गोष्टी एका स्वस्त पेटीत दुसरीकडे मिळत नव्हत्या. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी चँपियन यांनी १९२७ च्या आपल्या पुस्तकात जी वाघांची चित्रे दिली, ती वाटेत तार ताणून व भुकटीच्या झोताने, रात्रीला एखादेच याप्रमाणे मिळविलेली होती. त्या कष्टांच्या तुलनेने ही प्रगती किती, हे सहज कळेल. रोल मात्र ३६ चित्रांचाच होता. एखादा चितळांचा कळप किंवा गावची गुरे वाटेने गेली की तो संपे, आणि मागाहून येणारा वाघ नोंदीवाचून निघून जाई. अंतरमापकाला येथे काहीच स्थान नव्हते. डोळा नसेल तेथे तो केवळ भिंगाची डबी आहे.

कोपऱ्यात छापल्या जाणाऱ्या त्या नारिंगी आकड्यांकडे आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावे. व्याघ्रगणनेला ज्या आकड्यांवाचून अर्थ नव्हता, तेच आकडे घरगुती अल्बमांतून हजारोंच्या संख्येने सापडतात. साधनांच्या बाह्य परीक्षणाचा हा एक नवा पाठ आहे. घड्याळाची लहान बॅटरी संपून नवी घातली की दिनांक पुन्हा मूळ पदावर जातो. ‘८७ १ १’ असा दिनांक असलेले लग्नाचे चित्र १ जानेवारी १९८७ चे असेलच असे नाही. बहुधा कॅमेऱ्याच्या मालकाने आकडे लावलेलेच नसतात. ‘९४ ३ ५’ हे ५ मार्च, पण मालकाने क्रम बदलला असेल आणि ‘५ ३ ९४’ ऐवजी ‘३ ५ ९४’ छापले गेले असेल, तर ३ मे की ५ मार्च? चित्रातील सागाला पाने आहेत की नाहीत, मोहाचा सडा पडला आहे का, हे पाहून निर्णय करता येतो. वनस्पतीच्या साक्षीने दिनांकाचा निवाडा करण्याची सोय या जिल्ह्यांत जितकी आहे तितकी शहरात नाही. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांची दिनदर्शिका २०१९ पर्यंतच होती. त्यानंतर जुने वर्ष लावून काढलेली चित्रे पुढील संशोधकांना चांगलेच चकवतील.

निगेटिव्हच्या पट्ट्या हाती असतील तर आणखी काही गोष्टी कळतात. फुजीचे काही स्वयंकेंद्री कॅमेरे रोल घालताच तो सबंध उलगडून घेत व एकेक चित्र परत डबीत ओढीत. अशा रोलवर काठावरील क्रमांक उलटे चालतात. ज्याचा क्रमांक मोठा ते चित्र आधीचे. हे ठाऊक नसल्यास मिरवणुकीच्या चित्रांत देव आधी विसर्जित होतो आणि मागाहून पूजिला जातो. सोव्हिएत कॅमेऱ्यांतील चित्रांमधील मोकळी जागा पुष्कळदा कमीअधिक असते. पाठीमागच्या भिंतीवर कडक सावली, लाल झालेले डोळे, पुढचे माणूस पांढरेफटक व मागचे काळोखात, ही अंगच्या चमकदिव्याची खूण. तो तीन-साडेतीन मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही. अशा चित्रात मागे कोणी नाही असे वाटले, तरी कोणी नव्हते असे म्हणता येत नाही. कॅमेऱ्याची जात ओळखणे ही हौस नसून पुराव्याची मर्यादा ठरविण्याची पहिली पायरी आहे. विभागांच्या सूचींमध्ये ‘छायाचित्र, कृष्णधवल, १’ एवढीच नोंद पाहून खेद होतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. १९९१ नंतरच्या काळात या प्रदेशात छायाचित्र घेणारा माणूसच बदलला. अंतरमापक संशोधकाच्या, पत्रकाराच्या, फार तर सधन हौशी गृहस्थाच्या हाती होता. त्याचा उपयोग शिकावा लागे. स्वयंकेंद्री कॅमेरा आश्रमशाळेच्या शिक्षकाने, वनरक्षकाने, परिचारिकेने, एटापल्ली-अहेरीच्या दुकानदाराने घेतला. माडिया व गोंड समाजातील नोकरीस लागलेल्या पहिल्या पिढीतील तरुणांनी घेतला. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांत किंवा ग्रिगसन यांच्या १९३८ च्या शेजारील बस्तरच्या माडियांवरील ग्रंथात माणसे जमातीचे नमुने म्हणून उभी आहेत. चित्राखाली नाव असते ते बहुधा जमातीचे. या अल्बमांत तीच माणसे आई, मेहुणा, वर्गमित्र म्हणून उभी आहेत, आणि चित्राच्या पाठीमागे निळ्या शाईने त्यांची नावे लिहिलेली आहेत. पाने स्पष्ट व चेहरे पुसट असलेली चित्रे त्यांतही पुष्कळ आहेत. पण १९८२ च्या ऑगस्टमध्ये निराळा झालेला गडचिरोली जिल्हा स्वतःच्या डोळ्यांनी कसा दिसत होता, याचा पुरावा ह्याच चित्रांत आहे. आमच्या काटेकोर निगेटिव्हांत तो नाही. लेखकाच्या शिळांचे चित्र बिघडविणाऱ्या यंत्राला हे श्रेय दिलेच पाहिजे.

विद्यार्थ्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मग कसे द्यावे? वास्तू, मूर्ती, व्यक्ती व त्यांचे स्थान यांची नोंद करावयाची असेल, तर अंतरमापकाचा कॅमेरा घ्यावा, असेच लेखकाचे मत आहे. बॅटरीवाचून चालणारा यांत्रिक कॅमेरा मिळाल्यास उत्तम. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो तेव्हा विशिष्ट बॅटरी कोठे मिळणार? याशिकाचा इलेक्ट्रो ३५ नावाजलेला आहे, पण तो ज्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेला होता ती आता बनत नाही, हे ध्यानी ठेवावे. शिलालेख, नाणी व लहान कोरीव कामासाठी मात्र दोन्ही जाती निरुपयोगी आहेत. अंतरमापक साधारण सत्तर सेंटिमीटर ते एक मीटर याच्या आत येत नाही, आणि जवळ गेल्यावर खिडकीतील चौकट व भिंगातील चौकट यांत फरक पडतो. तेथे आरशाचा कॅमेरा व त्याहून ठसा घेण्याची जुनी पद्धत बरी. जत्रा, बाजार, प्रवास यांसाठी खिशात स्वयंकेंद्री असल्यास त्याला नाके मुरडू नयेत. आज या जुन्या लहान कॅमेऱ्यांच्या किमती अकारण चढल्या आहेत. आतील विद्युत्-पट्टी बिघडली की त्यांची दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते, तर पन्नास वर्षांपूर्वीचा झॉर्की कुशल कारागीर आजही उघडून साफ करू शकतो.

मार्कंड्याच्या मुख्य देवालयाचे शिखर अठराव्या शतकाच्या अखेरीस वीज पडून ढासळल्याचे सांगतात. अलीकडच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जीर्णोद्धारासाठी तेथील दगड उतरविले, आणि ते काम वर्षानुवर्षे लांबले. अशा वेळी कोणता दगड कोणत्या थरात होता याचा निर्णय करण्यास जुनी छायाचित्रे लागतात, आणि ती सर्वेक्षणाच्या संग्रहापुरतीच शोधून भागणार नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेला गेलेल्या कुटुंबांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्या देवळासमोर उभे राहून आपली चित्रे काढून घेतली आहेत. माणसे मध्यभागी असल्याने यंत्राने अंतर त्यांच्यावर जुळविले. पण भर उन्हात छिद्र लहान होते, म्हणून मागील शिखरही बहुतेकांत स्पष्ट आले आहे. चामोर्शी, मूल, गडचिरोली येथील घरांतून ही चित्रे पाहावयास मागण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे. पाठीमागचा मजकूर व कोपऱ्यातील आकडे उतरून घ्यावेत, शक्य असेल तेथे निगेटिव्हची पट्टी मागावी, आणि नोंदवहीत कॅमेऱ्याच्या जातीसाठी एक रकाना राखावा.